लाटेचे पैसे

अक्षराला सहा युरो.
जुना रंग खरवडायचा असेल तर त्याचे वेगळे.
मोंचो हे यार्डाच्या दारातच सांगून टाकतो,
म्हणजे मला घासाघीस करावी लागत नाही.
बावन्नाव्या वर्षी मी त्याच्याकडे शिकाऊ म्हणून लागले.
माझ्याआधीचा शिकाऊ एकोणीस वर्षांचा होता,
त्याचा डगला मला काखेत काचतो.

पहिल्याच आठवड्यात एक आर बिघडवला.
तीस वर्षं धुकं रंगवलेला हात,
कडा पुसायची त्याला सवय,
आणि इथे कड म्हणजेच सगळं.
"बंदरातल्या पोलिसाला दुर्बिणीतून वाचता आलं पाहिजे, साबेला,"
मोंचो म्हणाला, आणि चिंधीवर टर्पेंटाइन ओतून दिलं.
त्या वासानं मला यार्डाच्या मागे जावं लागलं.

उशीओ मार्चमध्ये गेला.
माझ्या चित्रांच्या चौकटी तो करायचा, चेस्टनटच्या लाकडाच्या,
कोपरे इतके बेमालूम की नख शिरत नसे.
नोव्हेंबरात स्टुडिओ जळाला.
हीटर मीच चालू ठेवला होता.
हे वाक्य आधी विम्याच्या माणसाला सांगितलं, मग बहिणीला,
मग पाववाल्या बाईलासुद्धा,
तिनं काही विचारलं नसताना.

विम्याच्या कागदावर रकाने होते:
चित्राचं नाव, आकार, किंमत.
एकतीस ओळी. मला आकार तेवढे आठवले,
कारण आकार त्याच्या तोंडचे:
"दोन मीटर बाय दीड! साबेला, हे दारातून कसं काढणार?"
राखेत चौकटींचे खिळे सापडले, पितळी.
ते मी बिस्किटांच्या डब्यात भरले.
डबा कुठे ठेवलाय विचारू नका.

लोक म्हणाले, पुन्हा उभी राहशील.
उभी तर होतेच.
बसायला खुर्ची कुठे उरली होती.

आता मी गुडघ्यांवर असते, बोटीच्या नाकाशी,
मनगटाखाली आधाराची काठी, हातात तिरका ब्रश,
वर कुरव पक्षी माशाच्या आतड्यांवरून भांडतात.
गालिसियातल्या बोटींची नावं बायकांची, नाहीतर संतांची.
एकीचं नुसतंच 'तिसरी'.
पहिल्या दोघींचं काय झालं, मी विचारत नाही.
अक्षर म्हणायचं याला, न झिजणारं,
आणि खाऱ्या वाऱ्यात ते दोन हिवाळे टिकतं.
मग तीच माणसं तीच बोट घेऊन येतात
आणि तेच नाव मी त्याच जागी पुन्हा लिहिते.
याचा त्रास होईल असं वाटलं होतं.

परवा अमारो आला. ऐंशीच्या पुढचा, टोपी हातात.
बोटीचं नाव कार्मिन्या.
बायको नव्हे, म्हणाला, आईही नव्हे,
आमचं खेचर होतं. फार शहाणं.
सात अक्षरं, दोन बाजू, चौऱ्याऐंशी.
त्यानं बोटांवर मोजलं, मग अडला.
"त्या एन्येच्या डोक्यावर लाट असते ना छोटीशी.
तिचे वेगळे का?"
मोंचोनं माझ्याकडे पाहिलं. दरपत्रकात लाटेची ओळ नव्हती.

सातही अक्षरं मी पांढरी केली, रीतसर, दुर्बिणीला दिसतील अशी.
लाटेसाठी मोंचो जेवायला जाईपर्यंत थांबले.
डब्याच्या तळाशी राहिलेला करडा, त्यात किंचित हिरवा.
काठी बाजूला ठेवली.
एकदाच तर वळवायचं होतं.
डावीकडची कड अगदी स्वच्छ,
उजवीकडे जाता जाता
ती मी विरू दिली.

मोंचो परत आला, वाकून बघितलं,
दात कोरत बराच वेळ बघितलं,
आणि दुसऱ्या बोटीकडे गेला.

दुसऱ्या बाजूची लाट अजून व्हायची आहे.
अमारो आज दुपारी विचारून गेला.
पहिली वाळायची आहे, म्हटलं.